रान, नवे जोडे आणि कॅमेरा



रानांत सोबतीशिवाय जावें कीं जाऊं नये, याविषयीं सुज्ञ मंडळींचें उत्तर बहुधा नकारार्थीच असतें. तें अगदींच निराधार आहे असें मी म्हणणार नाहीं. एकट्याचा पाय मुरगळला तर हात देण्यास दुसरा कोणी नसतो. आणि साठी उलटल्यावर हाडेंही पूर्वीसारखीं क्षमाशील राहत नाहींत. परंतु चार माणसें बरोबर असलीं म्हणजे बोलणें होतें, पाहणें राहून जातें. म्हणून धोका ओळखून, त्याची तजवीज करून एकट्यानें कसें जावें, हें भीमाशंकरच्या रानाच्या निमित्तानें आज सांगणार आहें.

प्रथम पायांचा विचार. जोडे सायंकाळीं विकत घ्यावेत. कारण दिवसभरांत पाय किंचित् सुजतात आणि सकाळीं चपखल बसलेला जोडा दुपारीं आवळूं लागतो. रानांत घालावयाचे मोजेच दुकानांत घालून पाहावें. बोटांपुढें आंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. चढावर ती निरर्थक वाटते. उतारावर मात्र देहाचा भार पुढें लोटला जाऊन नखें जोड्याच्या टोकावर आपटूं लागतात, तेव्हां तिची किंमत कळते. उतरण्यापूर्वीं घोट्याजवळची नाडी घट्ट बांधावी ती याचसाठीं. नवे जोडे मीं पंधरा दिवस घरगुती कामांना जुंपले. तेच घालून भाजी आणली, वाचनालयांत गेलों, जवळची टेकडी चढलों. शेजारीपाजारी हसले, हसोत बापडे! फोड येतो तो घर्षणानें आणि ओलाव्यानें. सुती मोजा घाम पिऊन ओलाच राहतो, म्हणून लोकरीचा बरा. टांचेला किंचित् चटका जाणवतांच थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेली पट्टी म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!

भीमाशंकर हें बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक, आणि भीमा नदीचें उगमस्थान. देवदर्शनास येणाऱ्यांची तेथें रीघ असते. परंतु देवळामागच्या झाडींत शिरणारे थोडे. सह्याद्रीच्या माथ्यावरील या रानाला १९८५ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचें क्षेत्र सुमारें १३१ चौरस किलोमीटर आहे. येथला मानकरी शेकरू, म्हणजे मोठी खार. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी शेपटीसह जवळजवळ एक मीटर लांब भरतो. अंगावर तांबूस तपकिरी झूल, पोट फिकट, आणि शेपटी अशी झुपकेदार कीं प्राणी आधीं दिसतो कीं शेपटी, असा प्रश्न पडावा. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. पंधरा-वीस फुटांची झेप घेऊन झाडावरून झाडावर जातो. म्हणूनच रानांत वाट रुंद करण्यासाठीं मधलीं चार झाडें तोडलीं, तर आपणांस तें किरकोळ वाटतें. शेकरूचा मात्र रस्ताच तुटतो.

आतां कॅमेरा. दाट पालवीखालीं उजेड कमी, आणि फांदीवरचा प्राणी तर उजळ आकाशासमोर बसलेला. यंत्राच्या मनाप्रमाणें चित्र घेतलें तर शेकरूचा काळा ठसा तेवढा उमटतो. अशा वेळीं प्रकाशाचें प्रमाण एक-दोन पायऱ्यांनीं वाढवावें आणि कॅमेरा खोडाला टेकवावा, म्हणजे हात कांपत नाहीं. माझा एक कडक नियम आहे: चालतांना कॅमेरा डोळ्याला लावावयाचा नाहीं, आणि लावला असतां एकही पाऊल टाकावयाचें नाहीं. वर पाहत मागें सरकणारा मनुष्य खालचें मूळ कसें पाहणार?

याहून नाजूक गोष्ट घरट्याची. काटक्यापानांचें तें गोल घरटें उंच फांद्यांच्या टोकाशीं असतें. शेकरूनें खडखडाटासारखा कर्कश आवाज सुरू केला, म्हणजे आपण फार जवळ आलों आहों, असें समजावें. हिरड्याच्या बुंध्याशीं मी अर्धा तास स्वस्थ बसलों, तेव्हां एक शेकरू आपण होऊन समोर आला. मागच्या पायांवर उलटा लोंबकळून त्यानें पुढच्या दोन हातांनीं फळ खाल्लें. तीन चित्रें निघालीं. चवथ्यासाठीं मी उठूं लागतांच खडखडाट झाला; मी बसलों, कॅमेरा मिटला आणि तो निघून जाईपर्यंत हललों नाहीं.

निघतांना वाटेवरच्या चहावाल्याला मीं वाट आणि परतण्याची वेळ सांगून ठेवली होती. रानांत भ्रमणध्वनीवर विसंबूं नये. गळ्यांत शिटी असावी, आणि ठरलेला निम्मा वेळ संपतांच, पुढें कितीही मोह असो, माघारी वळावें. मी दहा मिनिटें आधींच त्याच्या छपराखालीं पोहोंचलों. चहा देतां देतां त्यानें चित्रें पाहिलीं, आणि फांदीच्या टोकाच्या घरट्यावर बोट ठेवून म्हणाला, "गुरुजी, हे जुनं झालं. एकेकाची चार-चार घरं असतात. आता तो पलीकडच्या आंब्यावर निजतो."