वह्या, पेन्सिली आणि मसावि

जून उजाडला की गावोगावची मंडळं शाळकरी मुलांसाठी वह्या-पेन्सिली गोळा करतात. समजा, एका मंडळाकडे 252 वह्या आणि 180 पेन्सिली जमल्या. सगळे संच अगदी सारखे हवेत, काही उरायला नको आणि जास्तीत जास्त मुलांना संच मिळायला हवेत. मग संच किती करायचे?

संचांच्या संख्येनं 252ला पूर्ण भाग गेला पाहिजे आणि 180लाही. 2 चालेल, 4 चालेल, 12ही चालेल. पण अशी सर्वांत मोठी संख्या कोणती? तोच शाळेत शिकलेला मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक.

तो काढायला मूळ अवयव पाडत बसायला नको. 252ला 180नं भागा, बाकी 72. आता 180ला 72नं भागा, बाकी 36. मग 72ला 36नं भागा, बाकी शून्य. शेवटचा भाजक 36, हाच मसावि. संच झाले 36, प्रत्येकात 7 वह्या आणि 5 पेन्सिली.

हे का जमतं? जी संख्या 252 आणि 180 या दोघांनाही भागते, ती त्यांच्या वजाबाकीला, म्हणजे 72लाही भागणारच. आकडे लहान होत जातात, पण सामाईक विभाजक निसटत नाही. युक्लिडनं सुमारे 2300 वर्षांपूर्वी ही रीत लिहून ठेवली. आपल्या भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त, कुट्टक नावाच्या प्रकरणात, हाच परस्पर भागाकार आहे. इतकी देखणी रीत वर्गात मात्र घाईनं उरकली जाते, याची मला फार खंत वाटते.

मुलं 18च असतील तर? 18 हा 36चा विभाजक, म्हणून प्रत्येकाला 14 वह्या आणि 10 पेन्सिली. पण मुलं 40 असली, तर सारखं वाटप होणार नाही. तेच संच द्यायचे तर आणखी 28 वह्या आणि 20 पेन्सिली मिळवाव्या लागतील. हे वाटपाच्या दिवशी नव्हे, खरेदीच्या आधीच कळायला हवं.

घरात पाचवी-सहावीतलं मूल असेल, तर आज त्याला 391 आणि 299 या संख्या द्या. अवयव शोधताना ते अडेल. मग ही भागाकाराची रीत दाखवा. तिसऱ्या भागाकारात बाकी शून्य येईल आणि 23 हा मसावि त्याला स्वतःला सापडेल.