‘राईट’चे किती अर्थ!



‘राईट’ हा शब्द आपण दिवसभर वापरतो. रिक्षावाल्याला ‘राईट घ्या’ म्हणतो, तेव्हा उजवीकडे. गणिताचं उत्तर ‘राईट’, म्हणजे बरोबर. ‘राईट अँगल’ म्हणजे काटकोन. राजकारणातला ‘राईट’ १७८९च्या फ्रान्समधला. तिथल्या सभेत राजाचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे बसत, म्हणून ते उजवे.

आणि ‘राईट’ म्हणजे हक्क. जे बरोबर, तोच हक्क. मराठीतला ‘हक्क’ मूळचा अरबी, आणि अरबीतही त्या शब्दाला सत्य आणि अधिकार असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे हक्क ही कुणाची मेहेरबानी नाही.

संविधानाच्या कलम २१-अ ने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. माहिती अधिकारात अर्ज केला, तर साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तिथे हात जोडू नका, अर्ज करा आणि पोच घ्या.

पण हाच शब्द घरातही लावून बघा. वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा कुरआनने ठरवून दिला आहे. तरीही भाऊ बहिणीपुढे ‘हक्कसोड पत्र’ ठेवतात आणि माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते. कायद्याने ती सही चालेलही. पण ती ‘राईट’ आहे का?

सरकारकडे हक्क मागणाऱ्याने आधी बहिणीचा हक्क द्यावा.