गर्भवतीचे आजार आणि बाळाचे भवितव्य
(महोत्सवानिमित्त येळ्ळूर येथे झालेले भाषण)



मूल अधू जन्मले की आपण आईकडे बोट दाखवितो. "ग्रहणात विळी हाती धरली असेल," असे म्हणून मोकळे होतो. ग्रहणाने बाळाचे काही बिघडत नाही. काही रोगजंतू मात्र बाळाला अपाय करतात, आणि त्यात आईचा अपराध नसतो.

१९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी मोतीबिंदूसह जन्मलेल्या ७८ अर्भकांची नोंद केली. बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या आरंभी रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेला होता. आईला बारीक ताप व पुरळ, एवढेच. पण पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असतात, आणि जंतू वारेतून तेथवर पोचतात.

यावर लस आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात आपले कर्नाटक व शेजारचा गोवा होता. त्या वेळच्या शाळकरी मुली आता लग्नाच्या झाल्या. जिची लस राहिली असेल, तिने लग्नापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. कारण गरोदरपणी ही लस देत नाहीत, आणि टोचल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

दुसरा रोग उपदंश. रक्ततपासणीत तो कळतो, पेनिसिलिनने बरा होतो. परंतु बायकोला औषध आणि नवरा तसाच, तर रोग पुन्हा येतो. म्हणून तायी कार्ड काढताना नवऱ्यानेही रक्त तपासून घ्यावे. त्यात अब्रू जात नाही. लपविल्याने मूल मात्र जाऊ शकते. आईला 'ब' कावीळ असल्यास बाळंतपण दवाखान्यातच करावे. बाळाला २४ तासांच्या आत लस मिळालीच पाहिजे.

तिसरा वैरी डास. २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण आढळला. २०२४ साली पुण्यात गर्भवतींनाही तो झाला. हा डास दिवसा चावतो, साठविलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा रांजण-पिंपे घासून कोरडी करा. शिवारातून आल्यावर हात धुवा, दूध तापवूनच प्या.

राजहंसगडावरून शत्रू दुरूनच दिसे. हे शत्रू दिसत नाहीत, म्हणून पहारा घरातच ठेवावा लागतो; आणि तो एकट्या सुनेने नव्हे, सासू-सासरे व नवरा यांनीही द्यायचा आहे.