अठ्ठावीस दिवसांचा महिना

आपल्या पंचांगात तिथीची वृद्धी होते, तिथीचा क्षयही होतो, आणि साधारणतः तीन वर्षांनी एक अधिक मास येऊन चांद्र व सौर वर्षांची तोंडमिळवणी करून जातो. पंचांगकर्त्यांनी हा मेळ घातला तो आकाशाकडे पाहून. अलीकडे मात्र आपल्या घराघरांत एक निराळेच पंचांग शिरले आहे. त्यातला महिना सदैव २८ दिवसांचा असतो, आणि त्यातला अधिक मास तीन वर्षांनी नव्हे, तर दरसाल येतो. हे पंचांग आहे मोबाईल कंपन्यांच्या प्रीपेड योजनांचे.

हिशेब अगदी सोपा आहे. २८ दिवसांचे बारा महिने म्हणजे ३३६ दिवस. वर्ष ३६५ दिवसांचे. उरलेल्या २९ दिवसांसाठी तेरावा रिचार्ज करावा लागतो. तीन महिन्यांचा म्हणून दुकानदार जो मोठा प्लॅन पुढे करतो, तोही बहुधा ८४ दिवसांचा, म्हणजे २८ च्याच पाढ्यातला. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांना तो महिना असा बिनचूक येत राहील याची कल्पना नसावी. जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला आपण ट्राय म्हणतो त्या संस्थेने, आदेश काढला की प्रत्येक प्रकारात किमान एक योजना ३० दिवसांची आणि किमान एक दरमहा त्याच तारखेस नवी करता येईल अशी असावी. त्यातले 'किमान एक' हे शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. बाकीच्या योजना २८ दिवसांच्या ठेवण्यास त्या आदेशाने आडकाठी केली नाही.

वास्तविक प्रीपेड ही कल्पना मूळची मोठी उपकारक. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले, तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली येणारा फोन निःशुल्क झाला, आणि ज्याला महिन्याचे बिल परवडत नव्हते तो रिक्षावाला, भाजीवाली, गवंडी असा सारा वर्ग थोडे पैसे आगाऊ भरून या सोयीचा धनी झाला. पुढे 'आजीवन' योजना निघाल्या. त्या शब्दावर पुष्कळांनी विश्वास टाकला. परंतु तो शब्द ग्राहकाच्या नव्हे, तर कंपनीच्या परवान्याच्या आयुष्याला उद्देशून होता, हे फार थोड्यांनी वाचले. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली. तो न केल्यास येणारा फोनही थांबू लागला, आणि जुना करार मुकाट्याने पालटला.

एवढ्यावरच गोष्ट राहती, तर तिला महागाईच्या सदरात टाकून आपण स्वस्थ बसलो असतो. पण दरम्यानच्या काळात मोबाईलचा क्रमांक हा केवळ बोलण्याचा क्रमांक उरलेला नाही. बँकेचे खाते, आधार, गॅसची टाकी, निवृत्तिवेतन यांच्या कुलपांना एकच किल्ली लागते, आणि ती म्हणजे त्या क्रमांकावर येणारा ओटीपी. घराची किल्ली कोणी २८ दिवसांच्या भाड्याने घेत नाही. येथे मात्र तसे झाले आहे.

माझ्या शेजारी एक सेवानिवृत्त शिक्षिका राहतात. त्या मुलाकडे परगावी गेल्या असताना त्यांचा रिचार्ज राहून गेला आणि क्रमांक मुका झाला. परत आल्यावर त्यांनी कंपनीच्या ॲपमधून खाते उघडण्याचा यत्न केला. ॲपने ओटीपी मागितला, आणि तो पाठविला त्याच मुक्या क्रमांकावर. मदतकेंद्राला दुसऱ्या फोनवरून विचारले, तर यंत्रातल्या गोड आवाजाने एक दाबा, दोन दाबा असे फिरवून पुन्हा त्याच दारात आणून सोडले. शेवटी त्या आधारपत्र घेऊन दुकानात गेल्या व नवे सिमकार्ड मिळाले. परंतु सिम बदलल्यावर पहिले २४ तास संदेश येत नाहीत. म्हणजे बँकेचे दार आणखी एक दिवस बंद. हे बंधन निष्कारण नाही. दुसऱ्याच्या नावाचे सिम मिळवून त्याचे बँकखाते धुऊन नेणारे भामटे आपल्याकडे थोडे नाहीत. माझा आक्षेप बंधनाला नाही. सत्तरी उलटलेल्या बाईंना हे आधी समजावून सांगणारा एकही मनुष्य त्या साऱ्या वाटेवर भेटू नये, याला आहे.

त्यांनी आजवर इंटरनेटचा थेंबही वापरलेला नाही, आणि तरी वर्षानुवर्षे त्याचे पैसे भरले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि संदेश यांपुरती योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि तिची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकेल असेही ठरविले. दुकानदार ती आपण होऊन सांगेलच असे नाही. नाव घेऊन मागावी लागते.

इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे राहणाऱ्या श्रोत्यांपैकी कित्येकांनी गावाकडचा जुना क्रमांक दुसऱ्या सिमवर जपला असेल. त्यांच्यासाठी २०१३ पासूनचा एक नियम उपयोगी आहे. प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला नाही, तरी मूळ शिलकीत २० रुपये असल्यास तो रद्द होत नाही; दर ३० दिवसांना तेवढी रक्कम कापली जाते. याने बोलण्याची सोय होत नाही, पण क्रमांक परक्याच्या हाती जात नाही. शिवाय जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशात कोठेही कंपनी बदलता येते. त्यासाठी १९०० या क्रमांकावर संदेश धाडावा लागतो. गंमत अशी की स्वस्त योजनांत संदेश पाठविण्याचीच सोय नसे. कंपनी सोडण्याची विनंती करायची तरी आधी त्याच कंपनीचा महाग रिचार्ज घ्या! डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने हा प्रकार बंद करविला.

तक्रार करायची झाल्यास एक गोष्ट मात्र विसरू नये. फोन ठेवण्यापूर्वी तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा व कागदावर लिहून ठेवावा. ट्राय व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही. पहिली पायरी कंपनीचे तक्रारकेंद्र, दुसरी कंपनीतीलच अपील प्राधिकारी. त्याहीपुढे ग्राहक आयोगाचे दार उघडे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. अपिलाला शुल्क नाही, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा असा नियम आहे. तोवर ज्या २८ दिवसांबद्दल भांडण होते ते संपलेले असतात, आणि दुसऱ्या रिचार्जचेही ११ दिवस उलटलेले असतात.