खोदण्यापूर्वी भूमीचे पोट जाणावे



हैदराबादचे नाव घेतले की चारमिनार, गोवळकोंडा आणि हुसेनसागर ही स्थळे नजरेसमोर उभी राहतात. परंतु या शहराचा आणखी एक भाग आहे. तो रस्त्याखाली आहे व सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पूरनियंत्रणाबरोबरच भुयारी गटारांची योजनाही त्यांनी आखून दिली. १९२० मध्ये उस्मानसागर व १९२७ मध्ये हिमायतसागर हे जलाशय पूर्ण झाले. पुढे शहर वाढले, तसे मांजरा, कृष्णा आणि गोदावरी या नद्यांचे पाणीही नळांवाटे येऊ लागले. यांपैकी मांजरा ही तर बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी, मराठवाड्याच्या परिचयाची नदी होय. पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांच्या जोडीला कालांतराने विजेच्या व दूरध्वनीच्या तारा, प्रकाशतंतूंच्या केबली आणि गॅसवाहिन्याही जमिनीखाली आल्या.

ही सर्व कामे निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या खात्यांनी केली. जुन्या शहरांत सर्वच नोंदी जुळत नाहीत. एखादा नल नकाशावर रस्त्याच्या डावीकडे असतो आणि प्रत्यक्षात मध्यभागी सापडतो. अशा ठिकाणी पहार किंवा खोदयंत्राचा दात खाली गेला, तर प्रथम धोका संभवतो तो खड्ड्यात उतरलेल्या मजुराच्या जिवास.

नुकसानीची उदाहरणे दूरची नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत अंधेरी येथे मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि मोठ्या वस्तीचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. बेल्जियममधील गिलेंगिएन येथे ३० जुलै २००४ रोजी घडलेला प्रसंग त्याहून भीषण होता. बांधकामाच्या वेळी गॅसवाहिनीस इजा झाली होती, पण ती लगेच फुटली नाही. पुढे वाहिनीतील दाब वाढविला गेला, तेव्हा स्फोट होऊन २४ माणसे दगावली. नळावर नुसता ओरखडा उठला तरी तो मातीने झाकू नये, हा धडा या दुर्घटनेने दिला.

मग सुरक्षितपणे खोदावे कसे? नकाशा अंदाज देतो. शोधकयंत्र धातूचा नळ किंवा तार कोठून जाते ते सांगते, परंतु प्लॅस्टिकच्या नळाचा पत्ता त्यास सहजासहजी लागत नाही. खात्री पटते ती वस्तू डोळ्यांनी पाहिल्यावरच. ती इजा न करता उघडी करण्याचे एक साधन म्हणजे निर्वात खोदकाम, अर्थात मातीचे शोषण करून केलेले खोदकाम.

या पद्धतीत मोटारगाडीवर शक्तिशाली शोषक पंखा, मोठी टाकी व रुंद नळी बसविलेली असते. एका नळीतून दाबाची हवा किंवा पाण्याचा झोत मातीवर सोडतात व सुटी झालेली माती दुसऱ्या नळीने टाकीत ओढून घेतात. हवेचे तत्त्व सोपे आहे. मातीच्या कणांत पोकळ्या असतात. दाबाची हवा त्यांत शिरून प्रसरण पावते आणि ढेकूळ फुटते. नळाच्या वा केबलीच्या घट्ट पृष्ठभागात अशा पोकळ्या नसल्यामुळे त्यास सहसा इजा होत नाही. शिवाय कोरडी माती पुन्हा खड्ड्यात भरता येते.

पाण्याचा झोत कठीण माती अधिक जलद कापतो. मात्र त्याचा चिखल होतो, व तो दूर नेऊन टाकावा लागतो. झोताचा दाब मर्यादेत ठेवावा लागतो आणि तो एकाच जागी रोखून धरता येत नाही, अन्यथा केबलीचे वेष्टन कापले जाते. विजेच्या तारांजवळ हवेचीच पद्धत श्रेयस्कर ठरते.

या यंत्रासही मर्यादा आहेत. हैदराबादचा ग्रॅनाइट खडक झोताने फुटत नाही, अरुंद गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, आणि खर्चही बराच येतो. म्हणून यंत्र नसेल तेथे हाताने चाचणी खड्डा घ्यावा. नळाच्या अपेक्षित जागेजवळ पहार व टिकाव न वापरता फावड्याने थोडी थोडी माती काढावी. खाली वाळूचा थर, ओळीने मांडलेल्या विटा किंवा रंगीत पट्टी दिसली, तर विजेची केबल जवळ आहे असे समजून काम तत्काळ थांबवावे.

शासनानेही यासंबंधी पाऊल उचलले आहे. भारताच्या दूरसंचार विभागाचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल उपयोजन २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. ते तयार करण्यात गांधीनगर येथील, भास्कराचार्यांचे नाव धारण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा वाटा आहे. खोदणाराने जागेची माहिती त्यात नोंदवली की नोंदणी असलेल्या संबंधित यंत्रणांस सूचना जाते, व त्यांना वेळीच आपल्या वाहिन्यांची माहिती देता येते. बेसावध खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे त्या वेळी शासनाने सांगितले होते.

हा विषय केवळ महानगरांचा उरलेला नाही. जलजीवन अभियानाचे नळ व भारतनेटच्या केबली आता गावोगावी पोहोचल्या आहेत. शेताच्या बांधावर चर खणताना त्या तुटल्या, तर गावाचे पाणी बंद पडते आणि शाळेतील संगणकही थांबतो. ग्रामपंचायतींनी आपल्या वाहिन्यांचा नकाशा कार्यालयात लावून ठेवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तो काढवून घेतल्यास मुलांना भूगोलाचा एक जिवंत पाठ मिळेल. गॅसचा वास आल्यास आग वा विजेची बटणे यांपासून दूर राहावे, माणसांना तेथून हलवावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे.

विहीर खणण्यापूर्वी पाणाड्यास विचारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. रस्ता खणण्यापूर्वी खाली काय आहे हे विचारण्याची रीतही तशीच अंगवळणी पडली पाहिजे. सकाळी कुदळ घेऊन खड्ड्यात उतरलेला मजूर संध्याकाळी सुखरूप घरी परतावा, यासाठी एवढी चौकशी करणे हे काम सांगणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.