नगारखान्याचा सज्जा आणि आपली घरे
(कलशारोहणाच्या आदल्या दिवशी झालेले भाषण)



जीर्णोद्धाराच्या जमाखर्चाची वही माझ्याकडे असल्याने सुतारमिस्त्रींशी रोज बोलणे होई. नगारखान्याचा सज्जा उतरवला तेव्हा त्यांनी एक तुळई दाखवली. सागवान, दिसायला ठणठणीत. पण भिंतीतून बाहेर पडते त्याच जागी पटाशी दोन इंच आत गेली!

खोलीच्या तुळईला दोन्हीकडे आधार असतो. सज्जाची तुळई एकीकडून अधांतरी. तितक्याच लांबीवर तितकेच वजन पसरले तरी वाकवणारा जोर हिला भिंतीपाशी चौपट. शिवाय ही वरच्या अंगाने ताणली जाते. म्हणून भिंतीजवळ वरून खाच पाडू नये. आणि पाणी मुरते तेही नेमके तिथेच.

तुळई बाहेर जेवढी, त्याच्या दुप्पट-तिप्पट आत हवी आणि आतल्या टोकावर ओझे हवे. आपण माडीची भिंत पाडून पत्रे टाकतो, म्हणजे ते ओझेच काढून घेतो. दोन फुटांचा सज्जा त्याच तुळयांवर तीन फूट केला तर जोर दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो. वर हौसेने २ इंच काँक्रीट ओतले की ३ बाय १० फुटांच्या सज्जावर सुमारे ३४० किलो कायमचे बसले. माणसे अजून यायचीच आहेत! ती कठड्याशी रेलली तर पसरून उभे राहण्यापेक्षा जोर दुप्पट.

घर जुनेच असावे लागते असेही नाही. अमेरिकेत बर्कली येथे १६ जून २०१५ रोजी वरच्या मजल्याचा सज्जा तेरा जणांसह कोसळला; सहा तरुण दगावले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. पाणी अडकून लाकूड कुजले होते.

उद्या मिरवणूक वरच्या आळीतून जाणार. दोन्हीकडे जुने सज्जे आहेत, आणि पालखी आली की सगळे घर कठड्याशी धावते. आज रात्री भिंतीपाशी तुळईत दाभण टोचून पाहा. ते सहज आत गेले, सज्जा बाहेर झुकलेला दिसला किंवा भिंतीशी फट दिसली, तर उद्या वर कोणी जाऊ नये; पालखी ओट्यावरूनही दिसते. टेकू लावायचा तर कठड्याकडच्या बाजूस, खाली घट्ट जमिनीवर फळी ठेवून. मिस्त्री आज मुक्कामाला आहेत, समितीचे वासेही शिल्लक आहेत. ज्यांना शंका असेल त्यांनी भाषणे आटोपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे.