न सांगण्याजोगे दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गृहिणी आणि आरोग्य' असा विषय छापला आहे. तो छापून झाल्यावर मी चिटणीसबाईंना हळूच म्हटले, "मला खरे म्हणजे मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेवर बोलायचे आहे." त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बोला की. पण अल्पोपाहाराच्या आधी, का नंतर?" आम्ही आधीच बोलायचे ठरवले. मागच्या रांगेत हसू फुटले आहे ते मला दिसते आहे. हसून घ्या. मीही पुष्कळ वर्षे हा शब्द ऐकून हसतच होते, आणि हसता हसता विषय बदलत होते.

गेल्या वर्षी मी मंडळात दीड महिना आले नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणी भेटायला आल्या, आणि सूनबाईने सर्वांना सांगितले, "सासूबाईंचे पोटाचे ऑपरेशन झाले." तसे सांगायला मीच तिला बजावले होते. एका भगिनीने तर पोटाला बांधायचा पट्टा आणून दिला. तो अजून कपाटात तसाच आहे. आज त्यांची क्षमा मागते.

अकरा वर्षे मला हा त्रास होता. प्रथम मधूनमधून, मग दर आठवड्याला आणि शेवटी रोजच रक्त पडू लागले. दुखत मात्र नव्हते, म्हणून चालून गेले. मंडळाची अष्टविनायकाची सहल मी दोनदा टाळली आणि गुडघे दुखतात असे सांगितले. गुडघे ठणठणीत होते. वाटेत सोय कशी असेल, किती वेळ लागेल, बाहेर कोणी खोळंबेल का, ही धास्ती होती.

ह्या संकोचाचे मूळ मला माझ्या लहानपणात सापडते. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात आम्ही राहत होतो. आठ बिऱ्हाडे, आणि मागच्या अंगाला संडास दोन. सकाळी पुरुषमंडळींना कचेरीची घाई, मुलांना शाळेची. बायकांची पाळी सगळ्यांच्या शेवटी, तीही दूध उतू जात नाही ना हे पाहून. आवरून धरायची सवय तिथे जी लागली ती लागली. आता ब्लॉकमध्ये घरातच सोय असते, तरी कुकर होईपर्यंत थांब, दारात कोणी आले म्हणून थांब, हे आपले चालूच आहे. थांबले की मळ कोरडा व घट्ट होतो, मग कुंथावे लागते, आणि कुंथण्याने तिथल्या रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगून खाली सरकतात. बाळंतपणाचा भार त्याच जागेवर येतो, तेव्हा बायकांच्या वाट्याला हे दुखणे येते ह्यात नवल नाही. न सांगणे हेच नवल.

पर्वतीच्या पायऱ्या चढताना एक दिवस मला दम लागला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. डॉक्टरांनी मूळव्याध आहे असे लगेच मानले नाही. आधी दुर्बीण घालून मोठे आतडे तपासले. हे मी मुद्दाम सांगते, कारण रक्त पडले की आपण घरच्या घरीच 'मूळव्याध' असे नाव देऊन मोकळ्या होतो. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते, आणि तो वेळेवर सापडला तर बरा होऊ शकतो. माझे नशीब बरे, मूळव्याधच होती. पण अकरा वर्षे मी ते तपासून न घेता काढली, ह्याचा विचार केला की आजही अंगावर काटा येतो.

प्रत्येकीला शस्त्रक्रिया लागत नाही, हेही आधीच सांगून टाकते. पुष्कळांचे आहार सुधारून भागते, काहींना रबराचे वेढे बसवून किंवा इंजेक्शनने गुण येतो. आपल्याकडे सुश्रुताने ह्या रोगाला औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. त्यात शस्त्र शेवटी येते. माझी वेळ शेवटच्या उपायावर आली होती, कारण पहिले तीन उपाय करण्याचे दिवस मी लपवण्यात घालवले.

आता दुखण्याकडे वळते. 'काही दुखत नाही हो' असे मी सांगणार नाही. रिक्षांवर आणि भिंतींवर बिनदुखण्याच्या, एका दिवसाच्या इलाजांच्या जाहिराती आपण सगळ्याच वाचतो. माझ्या वाट्याला जे आले ते तसे नव्हते. दुखते, चांगलेच दुखते. पण का दुखते हे कळले की निम्मी भीती जाते. त्या मार्गाच्या आतल्या भागाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते, म्हणून इतकी वर्षे मला रक्त पडून दुखले नाही. खालच्या कडेची कातडी मात्र बोटाच्या टोकाइतकी हळवी असते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन ह्या सर्जनांनी १९३७ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात जखम टाके घालून बंद करीत नाहीत, ती उघडी ठेवतात आणि आतून भरत येऊ देतात. माझी शस्त्रक्रिया त्याच पद्धतीची होती. त्या उघड्या जखमेभोवतीचा स्नायू दुखण्याने आवळतो, आणि आवळला की आणखी दुखते. हे चक्र तोडायचे, एवढेच त्या दोन आठवड्यांचे काम.

आणि नेमके तेच मी केले नाही. घरी आल्यावर मी मनाशी हिशेब मांडला, की खाल्लेच नाही तर जावे लागणार नाही. दोन दिवस चहा आणि दोन बिस्किटे. पाणीही घोटघोट. वेदनेच्या गोळ्या 'सवय लागेल' म्हणून उशीखाली ठेवल्या. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. पाचव्या दिवशी जावे लागलेच. भगिनींनो, माझी दोन बाळंतपणे झाली आहेत, पण न्हाणीघराच्या भिंतीला धरून मी जशी रडले तशी तेव्हाही रडले नव्हते. बाहेर हे येरझारा घालत होते आणि "डॉक्टरांना फोन करू का?" असे विचारत होते. मी आतून "काही नाही, येते" म्हणत होते. तेव्हासुद्धा काही नाही!

संध्याकाळी आमच्या शेजारच्या बाई आल्या. परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, सगळा जिना त्यांना सिस्टरबाई म्हणतो. पोटाच्या ऑपरेशनची गोष्ट त्यांनी एका क्षणात ओळखली.

"वहिनी, पोटाचे ऑपरेशन झालेली बाई अशी कुशीवर टेकून बसत नाही. गोळ्या कुठे आहेत?"

मी उशी दाखवली.

"ह्या उशीला दिल्या आहेत का डॉक्टरांनी?" असे म्हणून त्यांनी कागदावर वेळा लिहून भिंतीला लावल्या. दुखायला लागल्यावर गोळी घ्यायची नाही, दुखण्याच्या आधी, घड्याळाप्रमाणे घ्यायची. पहिले काही दिवसच घ्यायच्या असतात, त्याने सवय लागत नाही. मात्र गोळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्याच. कुणाला मूत्रपिंडाचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर काही गोळ्या चालत नाहीत, आणि काही कडक गोळ्यांनी मलावरोध वाढतो. तेही विचारून घ्यावे.

मग त्यांनी ह्यांना तुळशीबागेत पिटाळले आणि पसरट टब आणवला. त्यात कोमट पाणी. किती कोमट, तर तान्ह्या मुलाला घालताना आपण कोपर बुडवून पाहतो तितके. त्यात दहा-पंधरा मिनिटे बसायचे, दिवसातून तीनदा आणि शौचाला जाऊन आल्यावर प्रत्येक वेळी. मीठ नको, जंतुनाशक नको, नुसते पाणी. पहिल्यांदा बसले तेव्हा तो आवळलेला स्नायू सैल होताना मला कळला आणि पाच दिवसांत प्रथमच मी खांदे खाली सोडले. चरकसंहितेतही मूळव्याधीच्या ठणक्यावर कोमट काढ्यात बसवण्याचा उपचार आहे. मग मऊ, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने हलकेच टिपायचे, पुसायचे नाही. जुन्या पातळाचे तुकडे ह्या कामी माझ्या फार उपयोगी पडले.

खाण्याच्या बाबतीत त्यांनी मला जे सुनावले ते सगळे सांगत नाही. सार एवढे, की पोट रिकामे ठेवल्याने मळ थांबत नाही, तो वाळतो. त्यामुळे भरपूर पाणी, ताक, पपई, पालेभाजी, भाकरी. सुरणाला संस्कृतात 'अर्शोघ्न' म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा असे नावच आहे. तेवढे मोठे आश्वासन मी देत नाही, पण चिंच घालून केलेली भाजी रुचकर लागते आणि तिच्यात चोथा असतो हे खरे. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्याबरोबर; कोरडा किंवा थोड्या पाण्यात घेतला तर उलट आवळतो. डॉक्टरांनी मळ मऊ करण्याचे गोड पातळ औषध दिले होते, तेही मी बाटलीत जपून ठेवले होते! ते सुरू झाले. आठव्या दिवशी दुखले, पण रडले नाही. दहाव्या दिवशी मी आत गेले आणि बाहेर आले, हे घरात कोणाला कळलेही नाही. आत बसून वर्तमानपत्र वाचायची पुरुषमंडळींची जी सवय आहे, आणि हल्ली मोबाईल, ती मात्र कुणीच करू नये. पाच मिनिटांत झाले नाही तर उठावे.

खाण्याच्या धास्तीने मीच एकटी वेडी झाले होते असे नाही, हे मला नंतर वाचनात आढळले. महात्मा गांधींची ससूनमधली आन्त्रपुच्छाची शस्त्रक्रिया, जानेवारी १९२४ मधली, आपल्या पुण्यात सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या पाच वर्षे आधी मुंबईत त्यांची दुसरी एक शस्त्रक्रिया झाली, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. १९१८ साली आमांशाने ते अगदी खंगले. हवापालटाला माथेरानला गेले, तर तिथल्या जड पाण्याने त्रास वाढला. गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या; शौचाच्या वेळी इतक्या वेदना होत, की खाण्याच्या नुसत्या विचारानेच त्यांना भीती वाटे. आठवडाभरही न राहता त्यांनी माथेरान सोडले. मुंबईला डॉ. दलालांनी दूध घ्यायला सांगितले, पण दूध न घेण्याचे व्रत होते. कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट दाखवली, आणि जानेवारी १९१९ मध्ये दलालांनी शस्त्रक्रिया केली. त्यांची ती मूळव्याध नव्हती, चिरा होत्या. पण दोन्ही दुखणी एकाच दारची. विशेष हे, की ही सारी हकीकत गांधीजींनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिली आणि 'नवजीवन' साप्ताहिकातून हजारो लोकांपुढे ठेवली. पोटाचे ऑपरेशन असे काही त्यांनी लिहिले नाही.

आता धोक्याच्या गोष्टी, भरभर सांगते. शस्त्रक्रियेच्या दिवशी लघवी अडू शकते. अडली तर लाजून रात्र काढू नका. चार थेंब रक्त काही दिवस दिसते, त्याला भिऊ नये. पण रक्त वाहू लागले, गुठळ्या पडल्या, घेरी आली, तर थेट रुग्णालय गाठावे. असे क्वचित आठवड्या-दहा दिवसांनीही होते, तेव्हा 'आता बरी झाले' म्हणून गाफील राहू नये. ताप आला किंवा दुखणे उतरायचे सोडून चढू लागले तरी तेच. आणि कोणी सांगितलेला लेप जखमेवर लावू नये, सांगणारी नात्यातली असली तरी. माझे दुखणे दोन आठवड्यांत सोसण्याजोगे झाले, जखम भरायला सहा आठवडे लागले.

एक गोष्ट राहिली. ती सांगायची का नाही, हे मी सूनबाईला विचारून आले आहे. टबाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माझ्यासाठी पाणी काढत होती. पाण्यात कोपर घालून म्हणाली, "आई, मला हे तेव्हा माहीत असते तर बरे झाले असते." मी म्हटले, "तेव्हा म्हणजे केव्हा?" तर नातवाच्या वेळी बाळंतपणानंतर चार महिने तिला हाच त्रास होता. त्याच न्हाणीघरात, माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे. तिने मला एकदा अर्धवट सांगितलेही होते, आणि मी म्हटले होते, "बाळंतपणात असे व्हायचेच, कोणाला सांगत बसू नकोस." मला ते बोलणे आठवत नव्हते. तिला शब्दन् शब्द आठवत होता. मी तेव्हा स्वतःच रक्त लपवीत होते. मला जे करता आले नाही तेच मी तिला करू दिले नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी पाणी निवेपर्यंत बोलत बसलो. पुन्हा तापवावे लागले.

तर आज मला विचारायचे असेल ते इथे विचारा. सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर दर मंगळवारी भजन झाल्यावर मी मागच्या खोलीत अर्धा तास थांबणार आहे, आणि सिस्टरबाईंनीही यायचे कबूल केले आहे. येताना काही निमित्त सांगायची गरज नाही. आता चिटणीसबाई खुणावत आहेत, बटाटेवडे निवतील. ज्यांना नुकतेच माझ्यासारखे झाले असेल त्यांनी ते आज खाऊ नयेत. त्यांच्यासाठी ताक वेगळे ठेवले आहे.